62 ची इम्पाला ‘एसएस’: बकेट सीट आहेत म्हणजे खरी समजायची का?

माटुंगा_दोनदारी

नमस्कार मंडळी. माटुंग्यात एका बंद गॅरेजमध्ये 1962 ची शेवरोले इम्पाला बघून आलो. दोन दारांची, मधला खांब नसलेली, स्टिअरिंग डावीकडे. मूळ रंग कुठला होता ते ब्रह्मदेवालाच ठाऊक, पण मागचे सहाच्या सहा गोल दिवे शाबूत आहेत. पुढे दोन सुट्या बकेट सीट आणि डिक्कीवर एसएसचं मोनोग्राम. विकणारे म्हणतात, ‘ओरिजिनल सुपर स्पोर्ट, चारशे नऊ घनइंचाचं इंजिन, वकिलातीतल्या साहेबाची गाडी’. त्या दोन अक्षरांचे वेगळे पैसे मागतायत, आणि ते थोडेथोडके नाहीत.

आमच्या वडिलांचं म्हणणं, सीट काय, कोणीही बसवून देतो. मला दोन गोष्टी हव्यात. खरी एसएस ओळखायची कशी? आणि साडेसतरा फुटी गाडीत ‘स्पोर्ट’ म्हणजे नक्की काय होतं, नुसत्या सीटच?

लालबागचा_सीटवाला

वडील बरोबर बोलतायत. ते ‘कोणीही’ म्हणजे मी.

लालबागला माझं सीटकामाचं दुकान होतं. आता मुलगा तिथे सोफे करतो. मारुती आणि प्रीमियरची 118 एनई रस्त्यावर आल्या आणि जुन्या अमेरिकन गाडीवाल्यांना पुढचा सलग सोफा डोळ्यात खुपायला लागला. मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून भंगारातल्या सीट आणायच्या, खाली अँगलचा सांगाडा वेल्ड करायचा, वरून लाल रेक्झिन आणि पांढरी पायपिंग. गिऱ्हाईक खूश. त्यातल्या काही गाड्या आज ‘ओरिजिनल’ म्हणून फिरतायत. माझं काम चांगलं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

आता तुझ्या गाडीचं. पुढच्या सीटकडे आधी बघूच नकोस, मागचा सोफा उघड. पुढे सीट बदलणारा मागे फक्त वरचं कव्हर बदलतो, स्प्रिंगा आणि सांगाडा कोण कशाला बदलेल? जुनं कव्हर फाडताना तारेच्या कड्यांमध्ये मूळ कापडाची चिंधी अडकून राहते. बैठक खालच्या कडेला धरून मागे रेट आणि उचल, सुटते. आत हात घालून ती चिंधी शोध. एसएसला आतलं सगळं व्हिनाइल होतं. विणलेलं कापड हाताला लागलं तर गाडी साधी इम्पाला.

पुढच्या सीटची पाठ बुटकी हवी, डोकं टेकायला काही नको, आणि पाठ पुढे झुकायला हवी. दोन दारांची गाडी आहे, मागचा माणूस आत जाणार कुठून?

अमेरिकेतले लोक सांगतात, कार्पेट काढा आणि तळाला सीटच्या बोल्टची भोकं तपासा. मुंबईत त्याचा काडीचा उपयोग नाही. खारी हवा आणि इतके पावसाळे खाल्लेल्या गाडीच्या तळाला कुठे ना कुठे पत्रा मारलेला असतोच. त्यातली भोकं मिस्त्रीच्या मर्जीची.

डोंबिवलीचा_क्रोम

सीटवाले काका, दंडवत. ‘स्पोर्ट’चं मी सांगतो, कारण त्यातली गंमत फार थोड्यांना माहीत असते.

एसएस पहिल्यांदा आली 1961 च्या मध्यावर. तेव्हा मोठं इंजिन सक्तीचं होतं, 348 नाहीतर 409. शिवाय कडक स्प्रिंगा, मेटॅलिक ब्रेक लायनिंग, 7000 पर्यंतचा आरपीएम मीटर. आणि बकेट सीट? त्या पॅकेजमध्ये नव्हत्याच! अशा गाड्या साडेचारशेच्या आसपास बनल्या. पुढच्याच वर्षी पारडं फिरलं. 62 ला सीट, मोनोग्राम, पट्ट्या आणि व्हील कॅप पॅकेजमध्ये, इंजिन मात्र तुम्हाला हवं ते. अगदी 235 चं सहा सिलिंडरवालं, 135 हॉर्सपॉवरचं सुद्धा चालेल. सीट धरून दीडशे डॉलरच्या आसपास जादा. आणि खपल्या किती? लाखाच्या घरात. गिऱ्हाइकाला वेग नको होता, वेगवान दिसायचं होतं. शेवरोलेने ते बरोबर हेरलं.

हे वेड लावलं शेवरोलेच्याच कॉरव्हेअरने. मागे इंजिन, एअरकूल्ड, साधीसुधी छोटी गाडी. 1960 च्या मध्यावर तिची बकेट सीटवाली मोन्झा आली आणि 61 ला तीच सगळ्यात जास्त खपणारी कॉरव्हेअर झाली. मग झुंबड उडाली. फोर्डने फाल्कनची फ्युचुरा काढली, मर्क्युरीने कॉमेटची एस-22. जनरल मोटर्सच्या बाकीच्या घरांनी कटलास, स्कायलार्क आणि ल मान्स काढल्या. ही पुढे मोठी झालेली नावं, पण 61 ला ती फक्त छोट्या गाड्यांच्या बकेट सीटवाल्या, नटलेल्या आवृत्त्या होती. मोठ्या गाड्यांत ओल्ड्समोबिल स्टारफायर 61 ला, फोर्ड गॅलक्सी 500 एक्सएल आणि पाँटिअॅक ग्राँ प्री 62 ला. मोन्झाचा खप बघून फोर्डचे लोक कामाला लागले, त्यातून 17 एप्रिल 1964 ला मस्टँग आली. तिच्यात बकेट सीट मुळातच, आणि सगळ्यात स्वस्त मस्टँगचं इंजिन सहा सिलिंडरचंच.

माझं स्पष्ट मत: 62 च्या एसएसला ‘परफॉर्मन्स कार’ म्हणणारा माणूस गाडी विकायला बसलेला असतो.

ठाकूरद्वार_नाका

आमच्या चाळीतल्या शेटजींकडे चार दारांची इम्पाला होती, सलग सोफा, स्टिअरिंगवर गिअर. पुढे तिघं, मागे चौघं, मांडीवरची पोरं वेगळी, आणि गौरीचं सामान डिक्कीत. बकेट सीट असत्या तर दोन माणसं एसटीने पाठवावी लागली असती. कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये जुळलेल्या डॉज-प्लिमथसुद्धा टॅक्सीवाल्यांना सोफ्यामुळेच परवडत होत्या. स्पोर्ट वगैरे एकट्यादुकट्याचे लाड.

डोंबिवलीचा_क्रोम

@ठाकूरद्वार_नाका, म्हणून तर खऱ्या बकेट सीटवाल्या इथे कमी. 1954 नंतर जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना नाही, आयातीवर बंधनं. साठच्या दशकातली नवी अमेरिकन गाडी आली ती बहुतेक वकिलातींकडून किंवा परदेशातून परतलेल्यांकडून, आणि वकिलातींच्या गाड्या पुढे स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत लिलावात निघायच्या. त्यामुळे ‘साहेबाची गाडी’ ही कहाणी शक्य आहे, पण प्रत्येक विकणारा तीच सांगतो.

@माटुंगा_दोनदारी, डाव्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर नंबराची पट्टी असते, तिचे पहिले पाच आकडे टाका. आणि बाजूच्या क्रोम पट्टीच्या आतला भाग कसा आहे? एसएसला तिथे गोल गोल घासल्यासारख्या नक्षीचं ॲल्युमिनियम असतं. साध्या इम्पालाला रंग.

माटुंगा_दोनदारी

आज परत जाऊन आलो. नंबर 21747 ने सुरू होतो. आरसी बुकातही तोच. बाजूच्या पट्टीत वरून पांढरा रंग मारलाय, पण एका कोपऱ्यात नखाने खरवडला तर खाली गोल नक्षी दिसली! काकांनी सांगितल्याप्रमाणे मागची बैठक उचलली (विकणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं). तारेत अडकलेला तुकडा सापडला. लालसर, गुळगुळीत, विणकाम अजिबात नाही. पुढच्या सीटला मात्र उंच पाठ आणि हेडरेस्ट आहे. बॉनेट उघडून दिलं नाही, म्हणे चावी दुसरीकडे आहे. 62 च्या इम्पालाला बॉनेटची चावी असते का?

डोंबिवलीचा_क्रोम

नसते.

2 म्हणजे 1962. 17 म्हणजे सहा सिलिंडरची इम्पाला, व्ही-8 असती तर 18 आलं असतं. 47 म्हणजे दोन दारांचं स्पोर्ट कूप. तेव्हा चारशे नऊ ही थाप. गाडी कारखान्यातून सहा सिलिंडर घेऊन निघाली. आज आत काहीही बसवलेलं असेल, डिझेलसुद्धा. पण एसएस आहे की नाही हे त्या वर्षी नंबरावरून कळत नाही, 64 पासून कळतं. बॉनेटखाली फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्यावर, दुसरी पट्टी आहे. तिच्यावर ट्रिमचा, म्हणजे आतल्या सीट-कव्हरांचा, आकडा असतो, बकेट सीटवाल्या गाडीचा वेगळा. बॉनेट उघडायला लावा आणि फोटो टाका.

लालबागचा_सीटवाला

क्रोम बरोबर सांगतोय. माझा कौल, गाडी एसएस असावी, सहा सिलिंडरची. पुढच्या सीट कोणीतरी नंतर घातल्या, हेडरेस्ट बघून मारुतीच्या वाटतात. पट्टीवर रंग चढवणाऱ्याला आपण काय झाकतोय हेच माहीत नव्हतं. मोनोग्रामवर मी एक रुपया लावणार नाही, तसली चोर बाजारात मिळतात.

विकणाऱ्याशी सीटवरून वाद घालू नकोस. तुला काय सापडलं तेही त्याला सांगू नकोस. प्लग मोजायला सांग. सहा निघाले की चारशे नऊचे पैसे आपोआप उतरतील, मग बोलणी कर. सौदा झाला तर ती चिंधी फेकू नकोस, पाकिटात घालून दुकानात घेऊन ये. त्या रंगाचं व्हिनाइल हुडकायला मुलाला वेळ लागेल. आणि मारुतीच्या सीट त्यालाच दे, त्या खपतात.