वादळानंतर आधी काय सुरू करावे : वीज, पाणी की फोन?

प्रश्न (श्रीवर्धन तालुका)
३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वीज, नळपाणी योजना आणि मोबाइल टॉवर एकाच दुपारी बंद पडले. पंप विजेवाचून चालेना, टॉवर डिझेलवाचून चालेना आणि रस्त्यांवर झाडे आडवी पडल्यामुळे डिझेलही येईना. आता ग्रामपंचायतीचा आपत्ती आराखडा नव्याने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. जुन्या आराखड्यात प्रत्येक खात्याचे पान वेगळे आहे, परंतु कोणाचे काम कोणावाचून अडते हे कोठेच नोंदलेले नाही. दुरुस्तीचा क्रम कसा ठरवावा?

उत्तर (निवृत्त वीज अभियंता)
विजेचे काम वरून खालीच करावे लागते : आधी ३३ केव्हीची वाहिनी, मग उपकेंद्र, ११ केव्हीचा फीडर (उपकेंद्रातून गावांकडे जाणारी वाहिनी), रोहित्र आणि शेवटी घराकडे जाणारी लघुदाब वाहिनी. म्हणून दारातला खांब शाबूत असूनही घरात अंधार राहतो आणि आपल्याला मुद्दाम डावलले, असे लोकांना वाटते. मात्र फीडरची कोणती शाखा आधी जोडायची, ही निवड आपल्या हाती असते आणि तेथे ग्राहकसंख्या पाहू नये, असे माझे ठाम मत आहे. ज्या शाखेवर पाण्याची जॅकवेल (नळपाणी योजनेचे पंप असलेली विहीर) किंवा टॉवर आहे ती आधी जोडावी, मग तिच्यावर दहाच घरे का असेनात.

आणखी एक गोष्ट पहिल्याच पानावर लिहा. मेन स्विच बंद न करता घरात जनरेटर जोडला, तर वीज रोहित्रातून उलटी चढून ११ केव्हीच्या तारांत जाते आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ शकतो.

उत्तर (टॉवर देखभाल)
टॉवरची बॅटरी काही तासच टिकते. फोन बंद झाला की वीजदुरुस्तीही रेंगाळते, कारण लाइन बंद असल्याची खात्री वायरमन उपकेंद्राशी बोलूनच करून घेतो. त्यामुळे उपकेंद्राजवळच्या एका टॉवरपुरते डिझेल वादळाआधीच तेथे पोहोचवून ठेवावे. सगळे टॉवर एकदम जगवण्याचा प्रयत्न करू नये.

उत्तर (पाणीपुरवठा)
पंपासाठी जनरेटर घेणार असाल, तर केवळ मोटारीची अश्वशक्ती पाहून घेऊ नका. थेट सुरू होणारी मोटार त्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट विद्युतप्रवाह ओढते आणि बेताचा जनरेटर तेथेच बंद पडतो.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. नकाशा पुन्हा पाहिला, तर आमची जॅकवेल फीडरच्या अगदी शेवटच्या टोकाला असून वाहिनी तीन सुपारीच्या बागांमधून जाते. म्हणजे पहिले काम करवतीचे आहे. वाहिनीवर पडलेली झाडे विचारणा न करता तोडता यावीत, यासाठी बागमालकांची लेखी संमती पावसाळ्यापूर्वी घेऊन ठेवतो.