मदत हवी आहे: जॉप्लिनच्या कॅल्साइटवरचा गंजाचा थर कसा काढावा?

अमेरिकेतल्या ट्राय-स्टेट पट्ट्यातला (मिसूरी, कॅन्सस, ओक्लाहोमा) मधाच्या रंगाचा, टोकदार कॅल्साइटचा (कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज) जुना नमुना माझ्याकडे आहे. लेबलवर फक्त ‘जॉप्लिन’ (मिसूरीतलं खाणींचं शहर) लिहिलंय. तळाशी गॅलेनाचे (शिशाचं चकचकीत खनिज) लहान घन आणि थोडं चॅल्कोपायराइट (तांब्याचं खनिज) आहे. तिथल्या शिसं-जस्ताच्या खाणी 1970 च्या सुमारास कायमच्या बंद झाल्या. असा तुकडा पुन्हा मिळणं कठीण, म्हणून जपून विचारतोय.

एका बाजूला लोहाचा तपकिरी थर चढलाय. डिस्टिल्ड पाणी आणि मऊ ब्रश वापरून फक्त धूळ गेली. आम्ल नकोच, व्हिनेगरनेही कॅल्साइटची चकाकी जाते. ऑक्झॅलिक आम्लाने तर कॅल्शियम ऑक्झॅलेटचा पांढरा थर बसतो. गरम पाणी आणि अल्ट्रासॉनिकही नको, स्फटिक पाटनावर (ज्या सपाट पातळीवर तो सहज फुटतो तिथे) तडकेल. जळगाव-नाशिककडच्या झिओलाइटांबरोबरचे कॅल्साइट साफ केलेत, पण त्यांवर गॅलेना नसतं.

आता उरलंय लोहाचे डाग काढायचं वॉलर द्रावण: सोडियम डायथायोनाइट, सायट्रेट आणि बायकार्बोनेट. नमुना विकायचा नाही, थोडा डाग राहिला तरी चालेल, पण गॅलेनाची झळाळी जायला नको. गॅलेना असलेल्या नमुन्यावर हे द्रावण कुणी स्वतः वापरलंय का? किती वेळ बुडवून ठेवलं, आणि गॅलेना काळवंडलं का?