माग चालू, तरी गाठीशी पैसा नाही: छोट्या उद्योगाचे घोडे नेमके कुठे अडते?

प्रश्न
इचलकरंजीत आमचा २४ साध्या मागांचा कारखाना आहे. सूत व्यापाऱ्याचे, विणकाम आमचे आणि मजुरी ‘पिका’वर, म्हणजे कापडात विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, असा खर्चीचा व्यवहार आहे. माग क्वचितच थांबतात, तरीही आठवड्याचा पगार भागवताना हातउसने घ्यावे लागते. वडील वीजदराला दोष देतात, तर भावाच्या मते साधे माग मोडून रॅपियर, म्हणजे धोट्याविना चालणारे आधुनिक माग, घ्यावेत. जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतिसाद १
रॅपियरचा विचार करण्याआधी, व्यापाऱ्याला बिल दिल्यापासून मजुरी खात्यात जमा होईपर्यंत किती दिवस जातात, ते वर्षभराच्या वहीवरून काढावे. पगार आठवड्याला आणि वीजबिल महिन्याला द्यावे लागत असताना मजुरी नव्वद दिवसांनी येत असेल, तर महिन्याला दोन लाखांची मजुरी करणाऱ्याचे सहा लाख रुपये कायम बाहेर अडकलेले असतात. काम वाढवले की ही रक्कमही वाढते. त्यात कर्जाचा हप्ता आला, तर ओढाताण दुप्पट होईल.

प्रतिसाद २
वरील मत पटते, पण वडिलांचे म्हणणेही उडवून लावण्यासारखे नाही. सुताचे भाव हलले की व्यापारी बिमे (मागावर चढवायची उभ्या सुताची रुळे) देणे थांबवतो, आणि माग बंद असले तरी बिलातला स्थिर आकार चुकत नाही. खर्चीवाल्याच्या हाती ना सुताचा भाव, ना कापडाचा.

प्रतिसाद ३
थकलेल्या मजुरीसाठी २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा आहे. लेखी करार नसल्यास पंधरा दिवसांत आणि असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, आधीच करून ठेवावी. शिवाय प्राप्तिकराच्या एका तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यातील कलम ४३बी(एच)), सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच वजा करता येतो. मार्चअखेरीस तगादा लावताना हा मुद्दा व्यापाऱ्याला लगेच समजतो, असा अनुभव आहे.

प्रश्नकर्ता
सगळे काम एकाच व्यापाऱ्याचे आहे. तक्रार केली, तर उद्या बिमे येणार नाहीत.

प्रतिसाद १
मग खरी अडचण तीच आहे. आधी सहा-आठ मागांवर दुसऱ्या व्यापाऱ्याचे काम घ्यावे, मजुरी चार पैसे कमी मिळाली तरी चालेल, पण पैशांची मुदत बिलावर लिहून घ्यावी. तोवर रॅपियरचा विषय बाजूला ठेवावा.