दहा हजारांत चावीची घड्याळं, पुढचं कोणतं घेऊ?

प्रश्न (सांगली): वडिलांचं एचएमटी जनता माझ्याकडं आलंय. रोज सकाळी चावी देतो. आता अजून एक-दोन मेकॅनिकल घड्याळं जमवायचीत, बजेट दहा हजार.

उत्तर (सातारा): दादा, आधी जनताची सर्व्हिसिंग करून घ्या. १७ ज्वेलचं (ज्वेल म्हणजे घर्षण कमी करणारे बारीक खडे) मशीन आहे, तेल वाळलं की झिजतं. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळुरात एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला, तो वारसा तुमच्या मनगटावर आहे. पुढचं एचएमटी पायलट बघा. पण ऑनलाइन दिसणाऱ्या चकचकीत डायल बऱ्याचदा पुन्हा रंगवलेल्या असतात. मी एकदा फसलोय: अक्षरं जाड, पसरलेली, आतलं मशीन भलतंच. मागचं झाकण उघडलेला फोटो मागितल्याशिवाय पैसे पाठवू नका. उरलेल्या पैशांत जुनं सेको ५ हे जपानी ऑटोमॅटिक घड्याळ बसतंय का बघा. त्यातल्या ७एस२६ मशीनला चावी देता येत नाही, हातात घातलं की हाताच्या हालचालीनंच चालतं.

प्रश्नकर्ता: पावसात जनता घालू का?

उत्तर (सातारा): अजिबात नको. जून लागला की माझं कपाटात जातं.

उत्तर (मिरज): सातारच्या दादांशी सहमत. चावी घट्ट लागली की थांबा, जोर लावू नका.