ताई-जिजूंना भारतातून मूल दत्तक घ्यायचंय, दोघेही अमेरिकन नागरिक. पैशांची जुळवाजुळव कशी करावी?

स्नेहल_मुलुंड

नमस्कार. माझी ताई आणि जिजू न्यू जर्सीत असतात. दोघांकडे अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) आहे. तिथल्या एजन्सीने खर्चाचा अंदाज पाठवलाय. प्रवास आणि मुक्काम धरून ३५ हजार डॉलरच्या आसपास. निम्मे त्यांच्याकडे आहेत. बाबा निवृत्त आहेत, पण १४ लाखांची एफडी मोडून पाठवायला तयार आहेत.

इथून पैसे पाठवताना कर कसा लागतो? अमेरिकेत या खर्चावर काही सवलत किंवा मदत मिळते का? मावशी म्हणते ऑनलाइन वर्गणी काढा, ते चालेल का? आणि ओळखीतल्या एकाने सांगितलंय की एका नर्सिंग होममधून कागदपत्रांसकट चार-पाच लाखांत बाळ मिळेल. आई त्यामुळे "एवढा खर्च कशाला?" म्हणतेय. तिला नेमकं काय सांगू?

दत्तक_समुपदेशक_दादर

स्नेहलताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तिथे पाऊल चुकलं तर बाकी हिशेब करून काही उपयोग नाही.

नर्सिंग होममधून परस्पर बाळ घेणं हा गुन्हा आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ८० प्रमाणे ठरलेली पद्धत डावलून मूल देणाऱ्या-घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पैसे मोजून घेतलं तर कलम ८१, म्हणजे पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. घेणाराही आरोपी असतो. आईंना हेही सांगा की त्या बाळाला अमेरिकेचा व्हिसा मिळणारच नाही. भारतात २००३ पासून आणि अमेरिकेत २००८ पासून हेग करार, म्हणजे आंतरदेशीय दत्तकाचा आंतरराष्ट्रीय करार, लागू आहे. कारा, म्हणजे दत्तकाचं काम पाहणारं केंद्र सरकारचं प्राधिकरण, त्याचं ना-हरकत पत्र आणि नंतरचं अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तक हेग करारानुसार झाल्याचं) नसेल तर वकिलात व्हिसा देत नाही. 'कागदपत्रांसकट' याचा अर्थ बहुतेक वेळा जन्मदाखल्यावर थेट ताई-जिजूंची नावं घालणं, म्हणजे खोटा दाखला. वकिलातीने डीएनए चाचणी मागितली की तो तिथेच उघडा पडतो. त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. शक्य असेल तर चाइल्डलाइन १०९८ वर कळवा, कारण तिथे कुणाचं तरी मूल विकलं जातंय.

पुढेमागे घरात 'भावाचं मूल घेऊ' असा विषय निघाला तर तेही लक्षात ठेवा. हिंदू दत्तक कायद्याखाली सब-रजिस्ट्रारकडे दत्तकपत्र नोंदवून मोकळं होणं अमेरिकन नागरिकांना महागात पडतं. त्यांच्या इमिग्रेशन खात्याची तात्पुरती मंजुरी आधी, दत्तक आदेश नंतर, हाच क्रम लागतो. नात्यातलं मूल असलं तरी तो बदलत नाही.

आता फी. काराच्या २०२२ च्या नियमावलीनुसार देशातल्या कुटुंबाला बालसंगोपन निधी ५०,००० रुपये आहे आणि परदेशातल्या कुटुंबाला ५,००० डॉलर. त्यापलीकडे इथल्या संस्थेने पालकांकडून रोख, वस्तू, देणगी काहीही घ्यायला मनाई आहे. कुणी 'इमारत निधी' वगैरे म्हणालं तर लेखी मागा आणि काराला कळवा. म्हणजे त्या ३५ हजारांत भारतातला भाग लहान आहे, मोठा भाग अमेरिकन एजन्सी, गृह अध्ययन अहवाल (पालकांच्या घराची आणि परिस्थितीची पाहणी), कागदपत्रं आणि प्रवास यांचा. एजन्सी तिकडे हेगखाली मान्यताप्राप्त आणि इकडे काराची अधिकृत परदेशी दत्तक संस्था, अशी दोन्ही हवी. सही करण्याआधी बाबवार खर्च लेखी देणं तिच्यावर बंधनकारक आहे. त्यात ताईंनी तीन गोष्टी शोधाव्यात: मध्येच थांबावं लागलं तर काय परत मिळतं, गृह अध्ययन अद्ययावत करायचे पैसे वेगळे का, आणि मूल घरी आल्यावरचे पाठपुरावा अहवाल यात धरलेत का. हे अहवाल पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, असे सहा असतात. बऱ्याच अंदाजपत्रकांत ते नसतात, मग मागाहून बिल येतं.

ओसीआय पालकांबद्दल थोडं. मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त जाहीर झाल्यावर ६० दिवसांत भारतीय किंवा अनिवासी भारतीय कुटुंब मिळालं नाही, तरच ते आंतरदेशीय दत्तकासाठी खुलं होतं. त्यात अनिवासी भारतीय आणि ओसीआय पालकांना अग्रक्रम असतो. व्यवहारात भावंडं, पाच वर्षांवरची मुलं आणि विशेष गरजा असलेली मुलं यांचीच शक्यता जास्त. त्यामुळे उपचारांसाठी रक्कम आत्ताच बाजूला ठेवावी. मुलाचे वैद्यकीय कागद ओळखीच्या डॉक्टरला व्हॉट्सअॅपवर न पाठवता दत्तक मुलांचे अहवाल वाचायची सवय असलेल्या बालरोगतज्ज्ञाकडून रीतसर फी देऊन वाचून घ्या. हा खर्च वाचवू नये.

वर्गणीबद्दल: मुलाचा फोटो, नाव, संस्थेचं नाव कुठेही टाकता येणार नाही. कलम ७४ खाली मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड केलेला फोटो पुढे कुठे जातो ते कुणाच्या हातात राहत नाही. नातेवाइकांनी ताईला आपापल्या परीने आहेर केला तर ती वेगळी गोष्ट, त्याला कुणाची हरकत नाही.

पार्लेकर_सीए

पैशांचं बघू.

बाबांनी मुलीला दिलेली भेट इथे करमुक्त आहे, कारण मुलगी कायद्याच्या व्याख्येत 'नातेवाईक' आहे. रक्कम एलआरएस, म्हणजे निवासी व्यक्तीने परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली जाते. मर्यादा प्रत्येक निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर. बँकेत फॉर्म ए२, पॅन आणि उद्देश संकेतांक एस१३०२, म्हणजे वैयक्तिक भेट. 'कुटुंब निर्वाह' लिहून मोकळे होऊ नका, खरा उद्देशच लिहा. साध्या कागदावर भेटपत्र करा: कुणी, कुणाला, किती, परतफेडीची अट नाही. स्टॅम्प पेपरची गरज नाही.

टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते तो कर: १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत काही नाही, वरच्या रकमेवर २० टक्के. बाबांनी एकट्याने एकाच वर्षात १४ लाख पाठवले तर चार लाखांवर ८०,००० रुपये बँक कापून घेईल. हा कर जात नाही, विवरणपत्र भरल्यावर जमा धरला जातो किंवा परत मिळतो. पण तोवर तेवढी रक्कम अडकते. टाळायचं तर काही मार्चमध्ये आणि काही एप्रिलमध्ये पाठवा, किंवा आईंच्या नावावर स्वतःची ठेव असेल तर त्यांनी त्यांच्या खात्यातून त्यांची भेट द्यावी. दहा लाखांची मर्यादा व्यक्तीमागे असते आणि सगळ्या बँकांतली रक्कम त्यात एकत्र धरतात. दुसऱ्या बँकेतून पाठवलं म्हणजे सुटलो, असं होत नाही.

एक सोपी वाट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. परदेशातून भेटीवर आलेल्या माणसाचा भारतातला राहण्या-जेवणाचा आणि भारतात येण्या-जाण्याचा व फिरण्याचा खर्च निवासी व्यक्तीला थेट रुपयांत करता येतो. ताई-जिजू इथे असताना हॉटेल, दिल्लीची विमानतिकिटं, टॅक्सी हे बाबांनी त्यांच्या कार्डावर भरावं. डॉलरमध्ये बदलणं नाही, टीसीएस नाही, बँकेचं मार्जिन नाही.

५,००० डॉलरचा निधी मात्र बाबांनी इथल्या संस्थेला परस्पर रुपयांत भरू नये. पैसे परदेशी नागरिकांचे म्हटल्यावर संस्थेला परकीय योगदानाचे नियम पाहावे लागतात, आणि अशी रक्कम दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच आधी यावी लागते. कोणत्या खात्यात, कुणामार्फत, हे एजन्सीकडून लेखी घ्या. चुकीच्या खात्यात गेलेली रक्कम संस्था परत पाठवते आणि पावतीशिवाय फाईल थांबते.

एफडी सगळी एकदम मोडू नका. मुदतीआधी मोडली की बँका सहसा अर्धा ते एक टक्का व्याज कापतात. एकच मोठी पावती असेल तर नूतनीकरणाच्या वेळी तिच्या चार पावत्या करून घ्या आणि लागेल तशी एकेक मोडा. आणि बाबांच्या आजारपणासाठीची रक्कम यात ओढू नका. ताईंना नकोच असेल ते.

एडिसन_करसल्ला

अमेरिकेची बाजू मी सांगतो.

दत्तक कर-सवलत, फॉर्म ८८३९. २०२५ साठी एका मुलामागे कमाल १७,२८० डॉलर, भावंडं असतील तर प्रत्येकामागे. २०२५ पासून यातले ५,००० डॉलरपर्यंत देय कर नसला तरी परत मिळतात, उरलेली सवलत पुढे पाच वर्षं ओढता येते. उत्पन्न २,५९,१९० डॉलरच्या वर गेलं की ती कमी होत जाते आणि २,९९,१९० ला संपते.

परदेशी दत्तकात ही सवलत दत्तक पक्कं झालेल्या वर्षीच मागता येते. आधीच्या वर्षांतला खर्चही तेव्हाच धरायचा. दत्तक झालंच नाही तर काहीच मिळत नाही, देशांतर्गत दत्तकात मात्र मिळतं. 'विशेष गरजांच्या मुलासाठी पावत्या न दाखवता पूर्ण सवलत' असं वाचायला मिळतं. ते फक्त अमेरिकेतल्या मुलांना लागू आहे, भारतातून आणलेल्या मुलाला नाही. म्हणून प्रत्येक पावती तारखेसकट जपून ठेवा.

सीए साहेबांच्या सल्ल्यात एक भर. जो खर्च दुसऱ्याने थेट भरला किंवा भरून दिला, तो सवलतीत धरता येत नाही. बाबांनी हॉटेल भरलं तर ते वगळायचं. खर्च ३५ हजार आणि सवलत १७ हजारांच्या घरात आहे, त्यामुळे तुमच्या बाबतीत नुकसान नाही. पण एजन्सीचं बिल बाबांकडून भरून घेऊ नका. ताईंनी मिळालेली भेट स्वतःच्या खात्यात ठेवावी, बिल स्वतः भरावं आणि भेटपत्राची भाषा आधी तिथल्या करसल्लागाराला दाखवावी. भारतातून वर्षात एक लाख डॉलरच्या वर भेट आली तरच फॉर्म ३५२० लागतो, तुमच्याकडे तो प्रश्न नाही.

दोघांच्या कंपन्यांना दत्तक सहाय्य विचारा. मनुष्यबळ विभागाच्या पुस्तिकेत ते आत कुठेतरी असतं. २०२५ ला त्यातलेही १७,२८० डॉलरपर्यंत करमुक्त, फक्त तोच खर्च सवलतीत पुन्हा दाखवायचा नाही. परदेशी दत्तकात हे पैसे आधीच्या वर्षी मिळाले तर त्या वर्षी उत्पन्नात धरले जातात आणि पक्कं झालेल्या वर्षी वजा होतात. तेवढा कर तयार ठेवा.

अनुदानांत गिफ्ट ऑफ अॅडॉप्शन फंड आणि हेल्प अस अॅडॉप्ट या संस्था धर्म पाहत नाहीत. बाकी अनेक निधी ख्रिस्ती कुटुंबांसाठीच आहेत, तिथे वेळ घालवू नका. मंजूर गृह अध्ययन हातात आल्याशिवाय अर्ज होत नाही, आणि अनुदानातून भरलेला खर्चही सवलतीतून वगळावा लागतो.

निवृत्ती खात्यातून दोघांना प्रत्येकी ५,००० डॉलर दंडाशिवाय काढता येतात, पण दत्तक पक्कं झाल्यानंतरच्या वर्षभरात, आणि आयकर लागतोच. मूल आल्यावर ३० दिवसांत त्याचं नाव नोकरीच्या आरोग्य विम्यात घाला. जुना आजार म्हणून नाकारता येत नाही. ३० दिवस उलटले तर पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि विशेष गरजांच्या मुलाला तो खर्च सगळ्यात मोठा ठरेल.

स्नेहल_मुलुंड

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला नर्सिंग होमचं वाचून दाखवलं, तो विषय संपला. आता एवढंच विचारते: सवलत, विमा, निवृत्तीचे पैसे सगळं शेवटी आहे, मग आधी कधी किती लागतील? आणि इथे मुक्काम किती लांबू शकतो?

दत्तक_समुपदेशक_दादर

पहिला टप्पा गृह अध्ययन, एजन्सीचा पहिला हप्ता आणि अमेरिकन इमिग्रेशन खात्याकडे पालकांच्या पात्रतेसाठी करायच्या आय-८००ए अर्जाचे ९२० डॉलर. पहिल्या मुलासाठी नंतरच्या आय-८०० ला, म्हणजे मूल ठरल्यावर त्याच्यासाठी करायच्या अर्जाला, फी नाही. आकडे भरण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्यावेत. हा टप्पा ताईंच्या बचतीतून होईल.

मग थांबणं, आणि घोटाळा इथेच होतो. कारासाठी गृह अध्ययन तीन वर्षं चालतं, म्हणून लोक निश्चिंत राहतात. पण आय-८००ए ची मंजुरी १५ महिन्यांची असते. संपण्याआधी मुदतवाढ मागावी लागते, पहिलीला सरकारी फी नाही, पण अद्ययावत गृह अध्ययनाचे पैसे एजन्सी घेते. तारीख कॅलेंडरवर लावून ठेवा.

दुसरा मोठा टप्पा मूल सुचवलं गेल्यावर. स्वीकृतीला ३० दिवस असतात, आणि एजन्सीचा मोठा हप्ता व ५,००० डॉलर याच सुमारास येतात. बाबांच्या एफडीच्या पावत्यांची गरज तेव्हा, त्याआधी मोडू नका.

तिसरा टप्पा इथला. दत्तक आदेश, आईवडिलांच्या नावाचा जन्मदाखला, मुलाचा पासपोर्ट (साधी फी १,००० रुपये), वैद्यकीय तपासणी, दिल्लीच्या वकिलातीत व्हिसा (फी ३२५ डॉलर). मूल मुंबईचंच असेल असं धरू नका, कुठल्याही राज्यातलं असू शकतं. मग आधीचे कागद त्या जिल्ह्यात होतील. परतीचं तिकीट तारीख बदलता येणारंच घ्या. दोन वर्षांवरच्या मुलाची क्षयरोगासाठी रक्ततपासणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे, आणि त्यातही शंका राहिली तर थुंकीचं कल्चर, ज्याला आठ आठवडे जातात. अशा वेळी एकाला परत जावं लागतं आणि दुसरा इथे राहतो. त्या दोन महिन्यांच्या हॉटेलचं बजेट करण्यापेक्षा मुलुंडचं घर तयार ठेवा. संस्थेला विचारून ही तपासणी आदेशाची वाट पाहत असतानाच करून घेता आली, तर बराच वेळ वाचतो.