मदत हवी आहे: ४०० मीटरच्या सरावात विश्रांती किती?

इंदूरमधल्या मुलांचा सराव: २०० मीटरचे ६ रिपीट, मध्ये ९० सेकंद विश्रांती. चौथ्यापासून वेग कोसळतो. स्नायूतला तयार एटीपी (पेशी थेट वापरतात ते इंधन) २-३ सेकंद पुरतो, तो झटपट पुन्हा बनवणारं क्रिएटिन फॉस्फेट साधारण १० सेकंद. पुढे मुख्य भार ग्लायकोजेनवर (स्नायूत साठवलेली साखर), तेही बरंचसं ऑक्सिजनविना. मग हायड्रोजन आयन साचतात, म्हणजे स्नायूत आम्ल वाढतं. (याच वेळी तयार होणाऱ्या लॅक्टेटला थकव्यासाठी उगाच शिव्या, हृदय तर ते इंधन म्हणून वापरतं.) क्रिएटिन फॉस्फेट जवळपास पूर्ण भरायला ३ ते ५ मिनिटं लागतात. मग विश्रांती वाढवावी, की रिपीट ४ करावेत? आम्ल सोसायची सवयही लागायला हवीच. मधल्या वेळात बसू द्यावं, की हळू चालवावं? आणि पोहे किती तास आधी? शेव-जिलबी बंद केलीय, त्यावरून कुरकुर चालू आहे.