‘सुवर्णनियम’, ‘आत्मौपम्य’ की ‘आपल्यावरून जग ओळखावे’?

मृद्गंध: नीतिशास्त्रावरील एका लेखाचे भाषांतर करताना अडले आहे. ‘आपल्याशी इतरांनी जसे वागावे असे वाटते, तसेच आपण इतरांशी वागावे’ या तत्त्वाला ‘सुवर्णनियम’ म्हणण्याची रीत पडू लागली आहे, पण या शब्दातून काहीच बोध होत नाही. म्हणून मी ‘आपल्यावरून जग ओळखावे’ असे लिहिले, तर ‘हा टोमणा आहे’ म्हणून संपादकांनी ते खोडले. आम्ही लहानपणी कुणाला चिडवले की आजी हेच म्हणत असे, आणि त्यात टोमण्याचा लवलेशही नसे.

आडवाट: संपादकांचे बरोबर आहे. स्वतः खोटे बोलणारा दुसऱ्यावर विश्वास ठेवत नाही, तेव्हा आम्ही ही म्हण वापरतो. तुम्हाला हवा असलेला शब्द ‘आत्मौपम्य’ आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातील ३२व्या श्लोकात तो येतो आणि टिळकांनी १९१५च्या ‘गीतारहस्या’त त्याचा ऊहापोह केला आहे. ‘औपम्य’ हे ‘उपमा’वरून आले, आणि ‘उपमे’तला ‘मा’ हा मोजण्याचा धातू. म्हणजे स्वतःला शेजारी ठेवून दुसऱ्याचे सुखदुःख मापणे. इतका नेमका शब्द घरात असताना उसना कशाला?

सायली_त: नेमका असेल, पण तीन वेळा वाचूनही कळत नसेल तर वाचकाने काय करावे? शिवाय माझी खरी अडचण त्या ‘मापा’शीच आहे. आईच्या आजारपणात मी तिच्या खोलीचे दार लोटून घेत असे आणि येणाऱ्यांना बाहेरूनच परत पाठवत असे, कारण मला स्वतःला दुखण्यात एकांत लागतो. चौथ्या दिवशी ती म्हणाली, “दार उघडं ठेव गं, माणसांचा आवाज येऊ दे.” मी तिला अगदी माझ्यासारखेच वागवले होते. मग ही कसोटी सर्वांना कशी लागू पडेल? जर्मन तत्त्वज्ञ कांटनेही १७८५मध्ये हाच दोष दाखवला होता, की या न्यायाने गुन्हेगारसुद्धा ‘तुम्हाला शिक्षा नको असते, मग मला का देता?’ असे विचारून न्यायाधीशाला निरुत्तर करील.

आडवाट: तुम्ही आवड मापलीत, श्लोकात सुख आणि दुःख मापायला सांगितले आहे. आपले ऐकले जावे असे तुम्हालाही वाटतेच ना? तेवढेच आईच्या बाबतीत पाळायचे होते.

सायली_त: हे मला तेव्हा सुचले नाही, हे कबूल करते. पण तसे म्हटले तर माप ‘मी’ उरतच नाही, समोरच्याला विचारावे लागते. प्राचीन चिनी विचारवंत कन्फ्यूशियसचे ‘स्वतःला नको ते दुसऱ्याला करू नये’ हे नकारार्थी रूपही मला तारू शकले नसते, कारण बंद दार मला हवेच होते.

जुनी_वही: तुकोबांनी माप बदलले आहे, तिकडे कुणाचे लक्ष गेले नाही. ‘दया करणें जें पुत्रासी । तें चि दासा आणि दासी ॥’ यात ‘आपल्यासारखे’ नाही, ‘पुत्रासारखे’ आहे. मुलाची आवड आपल्याहून निराळी असते, हे प्रत्येक आईबापाला ठाऊक असते.

आडवाट: सुरेख, पण याला एका शब्दात काय म्हणणार? ‘पुत्रौपम्य’?

मृद्गंध: मला उद्या लेख द्यायचा आहे. ती म्हण उपदेश म्हणून ऐकलेले आणखी कुणी आहे का?